जर-तर

यंगदो बेटावर, गोदीमागच्या गल्लीत
माल्सुनबाई राहतात. वय एकाहत्तर.
सव्वीस वर्षं दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून
जहाजांच्या पोटावरचा गंज हातोडीनं पाडला.
गंज गेला, त्याच्यासोबत कानही गेले.
उरलंय ते तळव्यात:
शेजाऱ्यानं दार आपटलं तर हाताला कळतं.

मोबाइलच्या दुकानातल्या सोल्बीनं
कागदावर लिहून दाखवलं:
आजी, ह्याच्या पोटातच एक कारकून बसलाय.
त्याला फक्त जर सांगायचं आणि तर सांगायचं.
पगार नाही, चहा नाही, रजा नाही.

जर दारावरची घंटा वाजली, तर दिवा दोनदा लखलखेल.
जर मुलाचा निरोप आला, तर तीनदा.
जर पहाटेचे पाच, तर उशीखाली थरथर.
माल्सुनबाईंनी मान डोलावली,
आणि घरी जाऊन, चष्मा दोनदा पुसून,
स्वतःच्या बोटानं चौथं कलम घातलं:
जर संध्याकाळचे सहा,
तर ग्याँगतेकला कळव:
जेवले. गुडघा बरा आहे.

जर-तरच्या गोष्टी त्या आजवर कानाआड करत आल्या.
नवरा म्हणायचा, जर त्या बोटीवर जागा मिळाली, तर
बोट परत आली. तो आला नाही.
हा जर मात्र शब्दाचा पक्का.
गुडघा बरा नसे त्या दिवशीही
सहाच्या ठोक्याला बरा व्हायचा.
कोजेच्या कारखान्यातून उत्तर यायचं:
हो आई. झोप लवकर.
भिंतीवर तीन लखलखाट. मग भांडी.

ऑक्टोबरात गुडघा कापला. तीन रात्री इस्पितळ.
मुलाला कळवलं नाही, सुट्टी कुठे मिळते त्याला.
पाय दोरीला टांगलेला, नळी हातात,
पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नाही,
आणि सहा वाजता पोटावर ठेवलेल्या फोननं
परस्पर कळवून टाकलं: जेवले.
करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी अंक मोजले.
सातावर थरथर. हो आई. झोप लवकर.
दुसऱ्या दिवशीही सात.
तिसऱ्या दिवशी सात.

फळीवर बारा बायका ओळीनं बसायच्या तेव्हा
डोळे मिटून सांगता यायचं, कुठला ठोका कुणाचा.
माणसाचा हात सारखा पडत नाही.
मध्येच नाक पुसतो,
मध्येच घरी ठेवलेलं पोर आठवतं.

लबाडा, माल्सुनबाई मोठ्यानं म्हणाल्या.
पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली.
मग हसू आलं, टाके ओढले जातील इतकं.
दोन कारकून रोज एकमेकांची खुशाली विचारताहेत
आणि मालक दोघंही बेपत्ता.

घरी आल्यावर चौथं कलम पुसलं.
सहा वाजले. वाजून गेले.
सहा सतराला त्यांनी बांगड्याच्या उरलेल्या काट्याचा
फोटो काढला, अर्धा अंगठा आलेला,
खाली लिहिलं:
खारट झाला. ऑपरेशनपण झालं. ओरडू नकोस.
सातावर थरथर:
हो आई. झोप लवकर.
बरं, म्हणाल्या. ताट घासलं.
पाय उशीवर ठेवला, दिवा घालवला.

नऊ चाळीसला भिंत लखलखली.
तीनदा. लगेच पुन्हा तीनदा.
मग बराच वेळ काही नाही
(तिकडे कुणी लिहून खोडत असावं),
मग तीनदा.
माल्सुनबाईंनी फोन उचलला नाही इतक्यात.
अंधारात त्यावर तळवा ठेवून
मोजत राहिल्या,
आणि मोजणी दर वेळी चुकत होती.